सिद्धगडाखालच्या डोहातले मासे

प्रिय नील आणि ईरा,

आपल्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेधाच्या गाडीत बसून नाशिकहून निघाले. मेधा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, तुमची मावशी. मागच्या वेळी तुम्ही सुट्टीत भारतात आलात तेव्हा तिने तुम्हाला माशाचा खवला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. माशांची जनुकं तपासणं हे तिचं काम. मी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, पण माझ्या काळी आम्ही मासा कापून, त्याची हाडं मोजून थांबत असू. मेधा त्याच्याही आत जाते.

ती मला बरोबर का नेत होती ते आधी सांगते, कारण सगळा प्रवास त्यावरच उभा आहे. ईरा, तुझ्या वर्गातल्या काचेच्या टाकीत निळ्या पट्ट्यांचे चिमुकले मासे आहेत ना, ते झेब्राफिश. जगभरच्या प्रयोगशाळांत ते पाळतात. पण त्यांचं मूळ घर आपल्याकडचे ओढे आणि भातखाचरं. मेधाने मागच्या वर्षी थंडीत तीन ठिकाणचे असे मासे तपासले. एक ठिकाण कसाऱ्याजवळ उंबरमाळीचा ओढा, दुसरं टोकावड्याचा आणि तिसरं सिद्धगडाच्या पायथ्याच्या डोंगरातला एक डोह. हा डोह एका उंच कड्याच्या वर आहे. खालचा मासा तिथे चढूच शकत नाही. त्यामुळे वरचे मासे युगानुयुगं एकटे राहिले असणार, असा तिचा अंदाज होता आणि तिचं सगळं काम त्या एकटेपणावर बेतलेलं होतं.

निकाल आला तो भलताच. डोहातल्या काही माशांचं नातं थेट उंबरमाळीच्या माशांशी निघालं आणि काहींचं टोकावड्याच्या. मध्ये डोंगर, वेगळ्या नद्या आणि तो कडा. तिच्या वरिष्ठांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझ्या नळ्यांची अदलाबदल झाली आहे. निष्काळजीपणा." म्हणून ती पुन्हा नमुने घ्यायला निघाली होती.

"मावशी, चिठ्ठ्या तू लाव," ती म्हणाली. "तुझ्या मसाल्याच्या डब्यांवरसुद्धा तारीख असते. या वेळी चूक व्हायला जागाच नको."

"आणि या वेळीही तसंच आलं तर?"

"तर माझं डोकं फिरेल. आणि वेगळं आलं, तर मागच्या वेळी मीच घोळ घातला. मग मी हे काम सोडीन."

ती हे गाडी चालवता चालवता, अगदी शांतपणे बोलली. त्यामुळेच मला काळजी वाटली.

कसारा घाट उतरलो. भाद्रपदात इथले डोंगर इतके हिरवे असतात की त्यात काळा कातळ शोधावा लागतो. उंबरमाळीला गाडी कडेला लावून आम्ही ओढ्यात उतरलो. मेधाने बारीक जाळी पाण्यात धरली आणि पहिल्याच खेपेला सात-आठ पट्टेरी मासे आले. बोटाच्या पेराएवढे, पाण्यात असताना मातकट आणि उन्हात धरले की निळे-सोनेरी. लवंगेच्या तेलाचा थेंब टाकलेल्या पाण्यात ते क्षणभर गुंगतात. तेवढ्यात मेधा शेपटीच्या पराचा अगदी बारीक तुकडा कातरते आणि मासा परत ओढ्यात सोडते. पर पुन्हा वाढतो. या माशाचं हृदय जखमी झालं तर तेही बऱ्याच अंशी भरून येतं, हे तिने मला तिथेच सांगितलं. आपलं येत नाही. का येत नाही, हे शोधायला जगभरची माणसं या चिमुरड्याच्या मागे लागली आहेत.

पुलावरून एक म्हातारेबुवा बैल घेऊन चालले होते. ते थांबून बघत राहिले.

"एवढ्याशा मासळीचं काय करनार गो?"

"तिचं आणि आपलं नातं बघतोय, बाबा," मेधा म्हणाली.

"माझं नाय," ते म्हणाले. "माझ्या मेवन्याचं असंल. त्याचं तोंड तसंच हाय." बैलाला हाकत ते निघून गेले, आणि मेधा त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

शहापूरला चहा घेतला आणि किन्हवलीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं (कणसं अजून पात्यांच्या आत असलेलं). त्याचा गोडसर वास खिडकीतून येत होता. हा वास मला कुठेही डोळे मिटून ओळखता येईल, कारण माझं लहानपण टोकावड्यात गेलं. माझे वडील तिथल्या दवाखान्यात डॉक्टर होते. मला इंग्रजी शाळेसाठी मुंबईला वसतिगृहात ठेवलं, तेव्हा मी रोज रात्री टोकावड्याचा ओढा आठवून झोपत असे.

टोकावड्यात शिरलो आणि मी गाडीतून मान बाहेर काढली. रस्ता रुंद झाला आहे. माळशेजकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी ओळीने ढाबे झाले आहेत. आमचा दवाखाना होता तिथे आता टायरचं दुकान आहे. दवाखान्यामागची चिंच मात्र आहे. तिच्याखाली माझी आई विळी घेऊन बसायची आणि मी फ्रॉकच्या ओच्यात आणलेली बारीक मासळी साफ करायची. पावसाळ्यात शेताच्या बांधाला एक फट ठेवतात, त्यातून जादा पाणी खाली पडतं. त्या फटीशी मी ओचा धरून उभी राहायची आणि मासे आपोआप पडायचे. आई त्यांना आलं-लसूण, हळद आणि भरपूर आमसूल लावून हळदीच्या पानात बांधायची आणि तव्यावर ठेवायची. ते पान करपायला लागलं की घरभर जो वास सुटायचा, तो मी तुमच्या आईला कधी नीट समजावू शकले नाही. तुम्हालाही नाही समजावता येणार.

मी चिंचेखाली थोडा वेळ उभी राहिले. दुकानदाराने विचारलं, "आजी, पंक्चर?" मी नाही म्हटलं.

ढाब्यावर आम्ही तांदळाची भाकरी, कर्टोल्यांची भाजी आणि ठेचा खाल्ला. भाजी येईपर्यंत मी मेधाला म्हटलं, "नील-ईराला सांगायचं आहे, सोपं करून सांग. एकट्या राहिलेल्या माशात तुला नेमकं काय शोधायचं होतं?"

तिने ताटातल्या दोन भाकऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या. "समज, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या अगदी आरंभी सगळ्या जनुकांची नक्कल झाली. एकाच्या दोन. मग पुन्हा एकदा, दोनाच्या चार. तू, मी, बेडूक, चिमणी, सगळे त्या दुपटीवर उभे आहोत. आणि अशा माशांच्या पूर्वजांत ती पुढे आणखी एकदा झाली."

"आणि जादा नकला कशाला?"

"तीच तर गंमत. एक नक्कल जुनं काम सांभाळते. दुसरी मोकळी. ती मोडून गळून जाते, नाहीतर अर्धं काम वाटून घेते. कधी कधी नवंच काहीतरी शिकते. पराच्या टोकाशी जी जनुकं काम करतात, तीच आपल्या हातात बोटं घडवायला लागतात." तिने स्वतःची बोटं हलवून दाखवली. "कणा असलेल्यांनी पाण्यात आणि जमिनीवर एवढे प्रकार केले, ते बरंचसं या उरलेल्या नकलांच्या जिवावर. मला बघायचं होतं की मासे एकटे पडले, बाहेरून नवं कोणी आलं नाही, तर त्या नकला टिकतात की गळून जातात. त्यासाठी एकटे मासे हवेत. डोह माझा सगळ्यात मोठा आधार होता."

तेवढ्यात भाजी आली आणि तिचे नमुने, म्हणजे दोन्ही भाकऱ्या, आम्ही खाल्ले. टोकावड्याच्या ओढ्यातले मासे घेऊन झाले तेव्हा उन्हं कलली होती. मुक्काम मुरबाडला केला.

दुसऱ्या दिवशी म्हसा गावावरून सिद्धगडाच्या दिशेने गेलो. गड ढगात होता, नुसता त्याचा खालचा भाग दिसत होता. रस्ता संपला तिथे गाडी ठेवली. पुढची चढण माझ्या गुडघ्यांना आवडली नाही. वाडी लागायच्या आधी एका बांधावरून माझा पाय सरकला आणि मी नेसत्या लुगड्यासकट चिखलात बसले. समोरून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी येत होती. माझ्याहून थोडी मोठी असेल. नाव पारूबाई.

"बसा, बसा," ती म्हणाली. "आमच्यात पाहुन्याला पाट देतात, पन चिखल आवडला असंल तर बसा." मग भारा टाकून तिने मला असं काही उचललं की मी तिच्यापुढे स्वतःला म्हातारी म्हणायचं सोडून दिलं.

पारूबाईच्या घरी मला धुतलेलं लुगडं आणि काळा चहा मिळाला. वाडीने मागच्या वर्षीच मेधाला परवानगी दिली होती. डोह देवीचा आहे, त्यातला मासा कोणी धरत नाही, खात नाही. पराचा तुकडा घेऊन मासा लगेच परत सोडायचा, या बोलीवर नारळ फोडून लोकांनी हो म्हटलं होतं. वाडीचे जाणते दामाकाका अंगणात आले.

"काका, मागच्या वर्षी मी विचारलं होतं," मेधा म्हणाली, "इथे मत्स्यबीज सोडतात का? खात्याचे लोक, कोणी?"

"नाय बाय. सरकारी मासे खाली तळ्यात सोडतात. वर कोन येतं चढून? आमच्या बापजाद्यात कुनी सोडलं नाय."

मेधाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं, जे गाडीत ती शांतपणे बोलली होती. कोणी मासे आणून सोडत नसेल, तर चूक तिचीच.

डोह वाडीच्या वरच्या अंगाला आहे. उंबराची आणि करंजाची झाडं पाण्यावर वाकलेली. काठाला शेंदूर लावलेला देवीचा दगड. पाणी काळंभोर, पण वाकून पाहिलं की पट्टेरी मासे झुंडीने सरकताना दिसतात. सण असल्यामुळे तिकडे कोणी नसेल, निवांत काम होईल, असा मेधाचा हिशेब होता. एकेक मासा, एकेक नळी, नळीवर आधी चिठ्ठी आणि मगच आत तुकडा. मी प्रत्येक वेळी मोठ्याने वाचत होते, ती मोठ्याने परत म्हणत होती. आमचं काम जवळजवळ संपलं होतं आणि खालून बायकांची गाणी ऐकू आली.

वाडीतल्या सगळ्या बायका गौर आणायला डोहावर येत होत्या. हातात तेरड्याच्या जुड्या (तेरडा हीच इथली गौर). एकही पुरुष नव्हता. पुढे पारूबाई, तिच्या मागे नवी कोरी हिरवी साडी नेसलेली तिची नात सुमन. याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं होतं आणि सासरहून ती पहिल्या गौरीला माहेरी आली होती. तिच्या हातात झाकणाची स्टीलची बरणी होती आणि ती बरणी ती अशी जपून धरत होती की मला वाटलं, आत दूध असेल.

काठाशी येऊन तिने झाकण काढलं. आत पाणी होतं आणि पाण्यात चार पट्टेरी मासे.

मेधाच्या हातातली जाळी तशीच राहिली.

"हे काय गं?"

"मासे," सुमन लाजून म्हणाली. "सासरचे."

"कुठलं सासर?"

"उंबरमाळी. स्टेशनच्या पल्याडचा ओढा हाय ना, तिथले. रेल्वेत बरनी सांभाळता सांभाळता हात दुखला माझा. एक बाई बोलली, लोनचं हाय का?"

बायका हसल्या. मेधा हसली नाही. ती पारूबाईकडे वळली. "आजी, हे दर वर्षी होतं?"

"दर वर्सी कसं? ज्या वर्सी पोरीचं लगीन हुईल, त्या वर्सी. पैल्या गौरीला पोर सासरचं पानी आनते, जितं पानी. मासा नाय तर पानी मेलेलं. ते आपल्या डोहात सोडते. मासा रुळला म्हंजे पोर रुळली."

"सगळ्याच मुली?"

"मग? ही चांगुना," तिने एका बाईच्या पाठीवर थाप मारली, "हिनं टोकावड्याचं आनलं. आन मी टोकावड्याची हाय, मी इथलं तिकडं नेलं. तांब्यात. वर पळसाचं पान बांधून. चालत गेलो आमी. वाटंत माझा मालक तहान लागली म्हनून त्यातलंच पानी प्याला असता, मी त्याच्या हातावर मारलं."

"पण दामाकाका म्हणाले, इथे कोणी मासे सोडत नाही!"

"त्याला काय ठावं?" पारूबाई म्हणाली. "गौरीच्या दिसाला बापये इकडं फिरकत नाय. त्याची बायको बी मासे घेऊन माहेरी गेलेली. इचार जा त्याला, तांब्यात काय होतं. बोलंल, पानी."

मेधा दगडावर बसली. दामाकाका खोटं बोलले नव्हते आणि तिचा प्रश्नही चुकीचा नव्हता. मत्स्यबीज कोणी सोडतच नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या, एकेका लग्नाबरोबर, चार-चार मासे डोंगर ओलांडून आले होते आणि गेले होते. तिच्या नळ्या बरोबर होत्या. तिचे हात बरोबर होते. आणि ज्या एकट्या डोहावर तिने आपलं काम बांधलं होतं, तो डोह मात्र कधीच एकटा नव्हता. हे सगळं एकदमच तिच्यापाशी आलं, म्हणून तिला हसावं की रडावं कळेना.

सुमन बरणी घेऊन उभीच होती. तिने मेधाच्या नळ्यांच्या पेटीकडे पाहिलं. "ताई, तुमच्या कामात खोडा होत असंल तर... या वर्सी नको सोडू का?"

सगळ्या बायका मेधाकडे बघू लागल्या. पारूबाईचे डोळे मोठे झाले आणि तिने पदर तोंडाशी धरला. मेधाने मान हलवली.

"सोड ना. फक्त एकाच्या पराचा एवढासा तुकडा घेऊ का आधी?"

"अगो बाय!" आता पारूबाईचा बांध फुटला. "पोर नुसती उंबऱ्यात आली आन तिच्या माश्याला कातर? रुळू दे त्याला आधी. पुढल्या वर्सी घे काय घ्यायचं ते."

"बरं," मेधा म्हणाली आणि कातर डबीत ठेवली.

सुमनने बरणी पाण्याशी टेकवून हळूच कलती केली. तीन मासे लगेच गेले. चौथा बरणीच्या तळाशीच फिरत राहिला. बायका ओरडायला लागल्या, "जा रे, जा! काय जावयासारखा बसलाय!" आणि तोही गेला. क्षणभर वेगळे दिसले ते चौघे, मग झुंड वळली आणि कोणते कोणते ते मला ओळखता येईना.

परत निघताना पारूबाईने हळदीच्या पानात वाफवलेले काकडीचे गोड पातोळे बांधून दिले. मुरबाडजवळ फोनला रेंज आल्यावर मेधाने गाडी कडेला घेतली आणि वरिष्ठांना फोन लावला. सगळं सांगितलं. मग त्यांचा आवाज मला शेजारून ऐकू आला. तिच्यावर ठेवलेला ठपका त्यांनी मागे घेतला, हे त्यांचं चांगलं. पुढे त्यांनी विचारलं, दोन-तीन वर्षं त्या बायकांना थांबवता येईल का? डोह मोकळा ठेवला तर काही मोजता येईल.

"नाही, सर," मेधा म्हणाली. "त्यांना मी थांबवणार नाही. आपला प्रश्न बदलू या. थोडे थोडे मासे बाहेरून येत राहिले, तर कुठल्या नकला टिकून राहतात, ते बघू. असा डोह आपल्याला मुद्दाम करायचा म्हटला तरी करता आला नसता."

फोन ठेवून तिने पातोळ्यांची पुडी सोडली आणि एकामागून एक तीन खाल्ले. काम सोडण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मी खिडकीतून भात बघत होते. आम्ही मुलांना शिकवताना फळ्यावर कणा असलेल्या प्राण्यांचं एक झाड काढत असू. खाली मासा, मग फांद्या फुटत बेडूक, पाल, पाखरू, माणूस. फांदी एकदा फुटली की ती परत येत नसे. त्या मोठ्या झाडाबद्दल ते खरंही आहे. आपण माशांत परत जात नाही. पण एकेका फांदीच्या आत, जिथे अजून मासे माशांना भेटू शकतात, तिथे इतकी ये-जा चालते हे मला कोणी फळ्यावर दाखवलं नव्हतं. आणि टोकावड्यात ज्या बांधाशी मी ओचा धरून उभी राहायची, तिथल्या पाण्यातही कुणाकुणाच्या सासरचे मासे होते. आईने आमसूल लावून भाजलेले ते मासे कोणकोणत्या डोंगरांवरून आले होते, कोण जाणे.

नाशिकला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. चिखलाचं लुगडं भिजत टाकलं आणि तुमच्या आईला फोन केला. तुमच्याकडे सकाळ होती, तुम्ही शाळेला निघाला होतात.

"आई, काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. तुमच्या घराजवळ एखादा ओढा आहे का गं?"

"आहे की. बागेच्या मागे. का?"

"त्यात मासे कोणते आहेत?"

ती लग्न होऊन गेली त्याला इतकी वर्षं झाली आणि मी तिला तिथला पगार विचारला, थंडी विचारली, शाळा विचारल्या. तिच्या दारातून कोणतं पाणी वाहतं ते कधी विचारलं नव्हतं.

"माहीत नाही, आई," ती म्हणाली. "मुलांना बघायला पाठवते."

तेव्हा पोरांनो, रविवारी बूट घालून ओढ्यावर जा. वाकून, न हलता, सावली पाण्यावर पडणार नाही असे उभे राहा. विमानातून जिवंत मासे आणू देत नाहीत, हे मला ठाऊक आहे. नुसतं कसे दिसतात ते कळवा. मी वाट बघते आहे.

तुमची आजी